राक्षसाचा सातबारा

१९७९ च्या ‘एलियन’मध्ये तो प्राणी पडद्यावर सगळा मिळून जेमतेम चार मिनिटं दिसतो. चित्रपट दोन तासांना थोडा कमी. बाकीचा वेळ पाइप, वाफ, लोंबणाऱ्या साखळ्या, छतातून ठिबकणारं पाणी आणि जोन्स नावाचं एक मांजर. नॉस्ट्रोमो हे लढाऊ यान नाही, खनिजानं भरलेला अख्खा कारखाना ओढत नेणारं मालवाहू जहाज आहे. त्यावरची सात माणसं बोनसवरून कुरकुरतात, जेवणाला नावं ठेवतात. प्राण्याच्या पोशाखात होता बोलाजी बडेजो, नायजेरियाचा, लंडनमध्ये डिझाइन शिकणारा, जवळपास सात फूट उंचीचा तरुण. आत माणूस आहे असं प्रेक्षकाला वाटूच नये म्हणून इतक्या लांब हातापायांचा माणूस शोधला होता.

म्हणजे मुळातली सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी होती: हा आपल्यातला कोणी नाही, असं वाटलं पाहिजे. पुढच्या टिपणांत हे वाक्य लागणार आहे, म्हणून इथंच लिहून ठेवतो.

*

त्याच चित्रपटात एक प्रसंग असा आहे की तो काढून टाकला तरी गोष्टीचं काही अडत नाही. नॉस्ट्रोमोवरचे डॅलस, केन आणि लँबर्ट एका परक्या, निकामी यानात शिरतात. आत एक अजस्र खुर्ची. तिच्यात बसलेला एक चालक, कधीच मेलेला, दगड झालेला. खुर्ची कुठं संपते आणि तो कुठं सुरू होतो ते कळत नाही, जणू तिच्यातूनच उगवला आहे. छातीच्या फासळ्या आतून बाहेर वाकलेल्या.

एवढंच. तिघं बघतात, पुढं जातात. चित्रपट त्याचं नाव पुन्हा घेत नाही.

एच. आर. गिगरनं रेखाटलेला तो चालक जवळपास २६ फूट उंच बांधला होता. एका प्रसंगासाठी एवढा खर्च कशाला, म्हणून स्टुडिओला तो उडवायचा होता. दिग्दर्शक रिडली स्कॉट अडून बसला. सेट आणखी मोठा दिसावा म्हणून त्यानं लांबच्या दृश्यात मोठ्या नटांऐवजी लहान मुलांना छोटे अंतराळपोशाख घालून उभं केलं. त्यात त्याची स्वतःची मुलंही होती.

चित्रपट बनतानाच त्या चालकाला ‘स्पेस जॉकी’ हे नाव पडलं आणि पुढं चाहत्यांनी तेहतीस वर्षं त्याच्यावर वाद घातला. कोण होता, कुठून आला, अंडी नेत होता की अंड्यांपासून पळत होता. १९८६ मध्ये जेम्स कॅमेरून, १९९२ मध्ये डेव्हिड फिंचर, १९९७ मध्ये ज्याँ-पियेर ज्यने, तिघांनी पुढचे भाग केले. तिघांपैकी एकानंही त्या चालकाला हात लावला नाही. शहाणी माणसं.

स्कॉटला मात्र याचंच नवल वाटत राहिलं: हा कोण, असं कोणीच कसं विचारलं नाही? त्यातून २०१२ चा ‘प्रोमिथियस’ निघाला, ‘एलियन’च्या आधीची गोष्ट सांगणारा, म्हणजे प्रीक्वेल.

*

‘प्रोमिथियस’नं दिलेलं उत्तर असं: खुर्चीत दिसला तो सांगाडा नव्हताच, तो पोशाख होता. आत एक उंच, पांढराफटक, बिनकेसांचा पुरुष. माणसासारखं नाक, माणसासारखे डोळे, डीएनएसुद्धा आपलाच. त्यांचं नाव इंजिनिअर. आपल्याला त्यांनीच घडवलं, मग का कोण जाणे, मारायला निघाले.

२६ फुटांचा देव आठ-नऊ फुटांवर आला. चाहत्यांच्या नाराजीचं मूळ मला इथं दिसतं. आणि हे मी उपमा म्हणून लिहीत नाही, मापच घटलं. ज्याला हात, पाय, तोंड कशाचाच हिशेब लागत नव्हता तो आता व्यायामशाळेतला पहिलवान झाला. विश्वात आपल्याशी काही देणंघेणं नसलेलं काहीतरी आहे, ही पहिल्या चित्रपटातली भीती. ‘प्रोमिथियस’नं सांगितलं, छे, सगळं घरातलंच आहे, तुमचे पूर्वजच हे.

एरिक फॉन डॅनिकेनचं १९६८ चं पुस्तक आणि त्याच्या मागून आलेल्या ‘देव म्हणजे परग्रहवासी’ छापाच्या पुस्तकांनी आपल्याकडची वाचनालयंही एके काळी भरली होती. ज्यांनी ती विद्यार्थिदशेत वाचली, त्यांना ‘प्रोमिथियस’च्या रहस्यात नवीन काही सापडलं नसेल.

*

जमिनीचा सातबारा काढला की तिच्यावर कोणाचं नाव, कुळ कोण, बोजा किती, सगळं कळतं. कळलं की त्या जमिनीबद्दलच्या दंतकथा संपतात. या मालिकेच्या प्रीक्वेलांनी राक्षसाचा सातबारा काढून हातात दिला.

*

‘प्रोमिथियस’मधला साप. (अगदी साप नव्हे, पण सापासारखंच.)

लाखो किलोमीटर नव्हे, प्रकाशवर्षं ओलांडून आलेला एक जीवशास्त्रज्ञ अनोळखी ग्रहावरच्या अंधाऱ्या गुहेत अडकलेला. समोर काळ्या चिखलातून एक पांढरा, लांबुळका प्राणी फणा काढून उभा राहतो. हा गडी लाडानं त्याला हात लावायला जातो.

आमच्याकडं आषाढात रोवणीला गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईला हे दृश्य दाखवावं. बांधीत पाय टाकण्याआधी ती धुऱ्यावरचं गवत काठीनं हलवून बघते. साप विषारी की बिनविषारी हा पुढचा प्रश्न; आधी लांब व्हायचं. शाळा न शिकलेल्या माणसाला कळतं ते या शास्त्रज्ञाला कळत नाही. त्याचा जोडीदार भूगर्भशास्त्रज्ञ, ज्याच्याकडं गुहेचा नकाशा काढणारी यंत्रं आहेत, तोच रस्ता चुकतो. तिसरा शास्त्रज्ञ हवा बरी दिसते म्हणून हेल्मेट काढतो. शेवटी गोल यान चाकासारखं गडगडत येतं आणि शार्लीझ थेरॉन बाजूला व्हायचं सोडून त्याच्या रेषेतच सरळ धावते.

चाहते या मूर्खपणावर सगळ्यात जास्त हसले. मला ही तक्रार दुय्यम वाटते. १९७९ मध्येही केन अंड्यावर वाकून बघतोच की. फरक असा की केन मालवाहू जहाजावरचा कामगार माणूस होता. त्याच्या अज्ञानाबद्दल आपली तक्रार नव्हती.

*

‘रहस्य उलगडलं की मजा जाते’ असं चाहते सरसकट म्हणतात. हे मला पटत नाही.

आमच्या तालुक्यातल्या नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक इथल्या अनेक घरांत आहे. तलावावर उतरणारे पक्षी, त्यांची स्थानिक नावं, घरटी, झाडं, कोळी-ढिवरांकडून आणि गोंडांकडून ऐकलेली माहिती, सगळं त्यांनी उलगडूनच सांगितलं. त्यानं नवेगावचं रान लहान झालं का? ते वाचून तलावावर गेलेला माणूस आधी जिथं नुसतं पाणी बघायचा तिथं दहा गोष्टी बघू लागला. २०२५ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात ते गेले. इथं त्या दिवशी माणसं घरचं कोणी गेल्यासारखी बोलत होती.

तेव्हा उलगडण्यात पाप नाही. उलगडून जे हाती येतं ते मूळ गोष्टीपेक्षा मोठं निघालं पाहिजे. लहान निघालं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

*

भयकथेचा प्रीक्वेल मुळातच जमत नाही, असं म्हणणाऱ्यांना मराठीतलंच उत्तर आहे: अण्णा नाईक.

‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. कोकणातला वाडा, अण्णांचा मृत्यू, त्यासाठी जमलेलं कुटुंब. म्हणजे अण्णा गोष्टीच्या सुरुवातीलाच गेलेले. शेवंता हे तर नुसतं नाव, घरातल्यांनी दबक्या आवाजात घ्यायचं. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रीकरण, मालवणी बोली. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ती बोली निम्मीअर्धीच कळायची, तरी रात्री घराघरांतून तो शीर्षकसंगीताचा आवाज येई.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि तो चक्क मागं गेला. अण्णा जिवंत. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता. लोकांना शेवट ठाऊक होता: हा माणूस मरणार, वाडा पछाडला जाणार. तरीही, किंबहुना म्हणूनच, लोकांनी पहिल्या भागापेक्षा जास्त चवीनं तो पाहिला. आज पहिल्या भागातलं रहस्य काय होतं हे दहा जणांना विचारा, आठ जण डोकं खाजवतील. अण्णा आणि शेवंता मात्र सगळ्यांना पाठ.

इथं असं काय घडलं, जे स्कॉटला साधलं नाही? पहिल्या भागात अण्णा म्हणजे एक सावट होतं. दुसऱ्यानं सावटाला माणूस दिला: लोभी, कामुक, जमिनी लाटणारा, बोलण्यात गोड, बायकोला धाकात ठेवणारा. अशी माणसं प्रत्येक गावानं पाहिली आहेत. भुताची उत्पत्ती विचारत मागं गेलात आणि तिथं असा माणूस सापडला, तर भूत आणखी भयंकर होतं. वाड्यात दिसणारी सावली आता कोणाची आणि का हे ठाऊक असतं.

एलियनच्या मागं माणूस सापडून उपयोग नव्हता. त्याचा दरारा माणूस नसण्याचाच होता. वर लिहून ठेवलेलं वाक्य ते हेच.

(तिसरा भाग २०२१ मध्ये आला, पुढं गेला. माझ्या मते तिथं पाणी घातलं गेलं. पण तो विषय प्रीक्वेलचा नाही.)

*

उत्पत्तिकथा सांगायची तर ‘तुंबाड’सारखी सांगावी.

समृद्धीची देवी, तिचं पहिलं अपत्य हस्तर, सोन्याचा आणि धान्याचा लोभी. सोनं त्यानं घेतलं. धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं, अट एकच: त्याची पूजा कधी व्हायची नाही. बाप मुलाला गोष्ट सांगतो तशी ही कथा चित्रपटाच्या सुरुवातीला दोनेक मिनिटांत सांगून होते. त्यानंतर हस्तर प्रत्यक्ष दिसायला बराच वेळ आहे, आणि दिसतो तेव्हा तो त्या कथेपेक्षा उणा ठरत नाही. सोनं कंबरेला बांधलेला, पण पिठाच्या बाहुलीसाठी झेपावणारा भुकेला देव! धानाच्या प्रदेशात राहणाऱ्याला तर हे अधिकच लागतं. सोनं असूनही अन्न न मिळणं, यासारखा शाप कोणता?

‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली एक गोष्ट इथल्या माणसानं नोंदवून ठेवावी अशी आहे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात गेले असताना एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली, ती ऐकून ते हादरले. ‘तुंबाड’चं बीज ते. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, भीती धारपांची आणि ती ऐकली कुठं, तर गोंदिया जिल्ह्यातल्या रानात, काळोखात. आम्ही कोकणाला दिलेलं हे उसनं म्हणायचं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ आला तेव्हा गर्दी बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. लगेच दुसऱ्या भागाची घोषणा. बर्वे त्यात नाहीत. हस्तरचं आता काय करतात ते बघू. माझ्या जिवाची थोडी धाकधूक होते.

*

जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’चा (१९८२) प्रीक्वेल २०११ मध्ये आला. मूळ चित्रपटात अंटार्क्टिकावरचा जळालेला नॉर्वेजियन तळ दिसतो: दारात रुतलेली कुऱ्हाड, दोन चेहरे वितळून एक झालेलं प्रेत. काय घडलं असेल, ते प्रेक्षकानं मनात रचायचं. प्रीक्वेलनं सगळं रीतसर दाखवलं. कुऱ्हाड दारात कशी गेली, चेहरे एक कसे झाले. फॉर्मवरच्या रिकाम्या जागा भरल्या. वर आणखी, कारागिरांनी हातानं बनवलेले राक्षस शेवटी संगणकाच्या चित्रांनी झाकून टाकले.

नाव तेच ठेवलं, ‘द थिंग’. बिचाऱ्या नव्या प्रेक्षकानं कोणता बघायचा ते त्याचं त्यानं ठरवावं.

*

चाहत्यांची बाजू घेऊन बरंच लिहिलं. आता त्यांचे कान.

‘प्रोमिथियस’ची पहिली पटकथा जॉन स्पेट्सची, ‘एलियन’ला सरळ जोडून घेणारी. डेमन लिंडेलॉफ आला आणि तिला मूळ मालिकेपासून दूर नेलं: कमी एलियन, जास्त देव, निर्माता, श्रद्धा. चित्रपट चालला, जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर. पण चाहते ओरडले: एलियन कुठंय? आमचा एलियन द्या.

स्कॉटनं दिला. २०१७ च्या ‘कव्हेनंट’मध्ये शेवटच्या टप्प्यात तो जुना काळा प्राणी येतो, जहाजाच्या बोळांतून पळतो, एअरलॉकमधून बाहेर फेकला जातो. सगळं मागणीप्रमाणं. आणि चाहतेच म्हणाले, हे तर पाहिलेलं आहे. कमाई सुमारे २४ कोटींवर घसरली.

त्यात ‘प्रोमिथियस’ची नायिका एलिझाबेथ शॉ, जिनं यंत्राकडून स्वतःचं पोट फाडून घेऊन जीव वाचवला होता, ती दोन चित्रपटांच्या मधेच मेली. पडद्यावर मेलीसुद्धा नाही, नुसतं प्रेत. प्रेक्षकानं जिला घेऊन चित्रपटगृहाबाहेर पाऊल टाकलं तिची अशी वासलात. या मालिकेला ही खोड जुनीच आहे. १९९२ च्या तिसऱ्या भागानं सुरुवातीच्या मिनिटांतच दुसऱ्या भागातून वाचलेल्या न्यूट या पोरीला आणि हिक्स या सैनिकाला संपवलं होतं. कॅमेरूननं अख्खा चित्रपट त्या पोरीला वाचवण्यात घालवला होता. तिसऱ्या भागाचं नाव काढलं की जुने चाहते अजूनही दात-ओठ खातात.

‘कव्हेनंट’मध्ये दिग्दर्शकाला एक सांगायचं आहे, गिऱ्हाईकाला दुसरं हवं आहे. दोघांनी मधला रस्ता काढला आणि दोघंही उपाशी उठले.

*

आणि ‘कव्हेनंट’चा मुख्य गुन्हा: एलियन घडवला डेव्हिडनं. म्हणजे आपल्याच वेलँड कंपनीच्या यंत्रमानवानं, प्रयोगशाळेत, हौसेनं, इंजिनिअरांच्या काळ्या द्रवाशी खेळता खेळता.

हिशेब करा. ‘कव्हेनंट’ची गोष्ट २१०४ मधली. नॉस्ट्रोमोची २१२२ मधली. मधे अठरा वर्षं. मग खुर्चीतला तो चालक, ज्याला डॅलस दगड झालेला म्हणतो, खूप काळापूर्वी मेलेला म्हणतो, तो अठरा वर्षांत दगड कसा झाला? आमच्या आंब्याला पहिला मोहोर यायला याहून थोडासाच कमी वेळ लागला असेल. चाहत्यांनी हा खड्डा लगेच दाखवला, अजून तो बुजवलेला नाही.

आधी विश्वाच्या वयाएवढी जुनी भीती होती. मग इंजिनिअर आले, ती काही हजार वर्षांवर आली. मग डेव्हिड आला आणि ती आमच्या पोराच्या वयाची झाली.

*

तरी डेव्हिडबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पान उलटवत नाही.

मायकेल फासबेंडरचा डेव्हिड हे या दोन्ही प्रीक्वेलांतलं खरं नाणं. यानातली माणसं झोपलेली असताना तो एकटा जागा, सायकल चालवत चेंडू बास्केटमध्ये टाकतो, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ बघतो, त्यातल्या नायकासारखे केस रंगवतो. ज्यांनी घडवलं त्यांच्याबद्दल त्याच्या मनात आधी कुतूहल, मग हळूहळू तुच्छता. ‘कव्हेनंट’मध्ये तो दुसऱ्या यंत्रमानवाला, वॉल्टरला, बासरी शिकवतो. वॉल्टरही फासबेंडरच. एक फुंकतो, दुसरा छिद्रांवर बोटं ठेवतो. त्या प्रसंगात रक्त नाही, राक्षस नाही, आणि दोन्ही प्रीक्वेलांत मला खरी भीती तिथंच वाटली.

याचाच वेगळा चित्रपट व्हायला हवा होता. मालिकेचं नाव नसलेला. पण नाव नसतं तर पैसे कोणी दिले असते?

*

भाचा सुट्टीत नागपूरहून आला तेव्हा मोबाइलवर हीच मालिका बघत होता, हिंदीतून. कोणीतरी त्याला सांगितलेलं: गोष्टीच्या काळानुसार बघ. म्हणून आधी ‘प्रोमिथियस’ (२०९३), मग ‘कव्हेनंट’ (२१०४), मग १९७९ चा.

तिसऱ्याला मी शेजारी जाऊन बसलो. डॅलस, केन, लँबर्ट त्या यानात शिरले. खुर्ची आली. फासळ्या आल्या. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

“मामा, हा तर सूट आहे ना. आतमधी तो पांढरा माणूस राह्यते.”

“अन् समज, तुले ते ठाऊकच नसतं तर?”

“मंग काहीच समजलं नसतं.”

बरोबर आहे पोराचं. पण आम्हाला काही समजलं नव्हतं, म्हणूनच आम्ही इतकी वर्षं ते विसरलो नाही. हे त्याला कसं समजावणार? तो पुढं सरकवून सरकवून छातीतून बाहेर येणाऱ्या पिल्लापर्यंत गेला. त्या प्रसंगात नटांवर नेमकं किती रक्त उडणार ते त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं, लँबर्ट झालेल्या वेरोनिका कार्टराइटची किंकाळी खरी आहे, हे मी त्याला सांगितलं. तेवढं मात्र त्यानं मागं घेऊन पुन्हा पाहिलं.

प्रीक्वेल वाईट निघाला तर नुसता तोच वाईट निघतो, मूळ चित्रपट जागेवर असतोच, असं काही जण समजूत घालतात. जुन्या प्रेक्षकाला ती चालेल. या पोराला मूळ चित्रपट मिळालाच नाही.

*

राक्षसाला नाव मिळालं की काय होतं, ते आमच्याकडं वाघानं शिकवलं. धुऱ्यावर ठसा दिसला, कोणाचा ते माहीत नाही, की अख्खं गाव संध्याकाळी लवकर दार लावतं. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्यांना एनटी-१ आणि एनटी-२ अशी नावं मिळाली. मग पानटपरीवर गप्पा सुरू: कोणती कुठं फिरते, कोणीकडं गेली. भीती गेली नाही, पण तिच्यात एक ओळख आली. प्रत्यक्ष रानात हे चांगलंच. माणूस आणि वाघ, दोघांच्या जिवाला बरं.

उलट जय. नागझिऱ्यात जन्मलेला, ‘शोले’वरून नाव पडलेला, २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला अवाढव्य वाघ. २०१६ च्या एप्रिलनंतर त्याच्या गळ्यातल्या कॉलरचा संदेश येणं थांबलं. नाना तऱ्हेनं शोध झाला, सापडला नाही. त्याच्या इतर नातलगांची नावं लोकांना आठवत नाहीत, जय आठवतो. अजून कोणीतरी सांगतो की अमुक जंगलात दिसला होता म्हणे.

*

झाडीपट्टीचा प्रेक्षक. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की वडशाच्या कंपन्यांची नाटकं गावोगावी. रात्री सुरू, पहाटे संपणार. थंडीत तिकीट काढून, चादर गुंडाळून बसतात. नाटक लांबलं तर शिव्या देत चहाला उठतात आणि गाणं सुरू झालं की परत येऊन बसतात. पुढच्या गावात तीच कंपनी आली तर पुन्हा जातात.

एलियनचा चाहता याच जातीचा. ‘कव्हेनंट’ला शिव्या घातल्या, पण ऑगस्ट २०२४ मध्ये ‘रोम्युलस’ आला तर पहिल्या दिवशी हजर. रागावणं हा त्याचा हक्क आहे, सोडून जाणं त्याला जमत नाही.

*

‘रोम्युलस’. दिग्दर्शक फेडे अल्वारेझ, काळ पहिल्या आणि दुसऱ्या चित्रपटाच्या मधला, २१४२. उत्पत्ती वगैरे भानगड नाही; खाणीच्या वसाहतीतून पळू बघणारी गरीब पोरं, एक बंद पडलेलं स्थानक, अंधार. कमाई सुमारे ३५ कोटी डॉलर. चाहते खूश, निम्मे तरी. ज्यांची कुरकुर होती त्यांची दोन कारणं: एक, तो काळा द्रव याही वेळी आला. दोन, १९७९ च्या चित्रपटात यंत्रमानव झालेल्या आणि २०२० मध्ये वारलेल्या इअन होमचा चेहरा संगणकानं उभा करून नव्या यंत्रमानवाला चिकटवला. दुसऱ्याशी मी सहमत. मेलेल्या नटाला कामावर बोलावू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये नोआ हॉलीची ‘एलियन: अर्थ’ ही मालिका आली. काळ २१२०, नॉस्ट्रोमोच्या दोन वर्षं आधी. म्हणजे हाही प्रीक्वेलच. पण हॉलीनं उघड सांगितलं की स्कॉटच्या दोन प्रीक्वेलांतली उत्पत्तिकथा आपल्या कामाची नाही. हा प्राणी लाखो वर्षांत आपोआप घडत आला असावा, हेच त्याला जास्त भावतं. यंत्रसामग्रीही त्यानं १९७९ सारखी ठेवली: जाड बटणं, हिरव्या अक्षरांचे पडदे.

मालिकेच्या पुढच्या कारभाऱ्यानंच सातबाऱ्यावरची ती नोंद बाजूला सारली, हे चाहत्यांच्या बाजूचं सगळ्यात मोठं मत समजायला हरकत नाही.

*

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांना एवढंच सांगणं: काळाचा क्रम विसरा, चित्रपट ज्या वर्षी आले त्या क्रमानं बघा. १९७९ चा आधी, रात्री, दिवे मालवून, मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर. मग १९८६ चा. तिथं थांबलात तरी काही बिघडत नाही. ‘प्रोमिथियस’ आणि ‘कव्हेनंट’ बघायचेच असतील तर डेव्हिडसाठी बघा, एलियनसाठी नको. आणि त्यांचा शेवट शोधत बसू नका. डेव्हिड दोन हजार झोपलेल्या वसाहतकऱ्यांना घेऊन निघाला, इथं ‘कव्हेनंट’ संपतो. त्याला १९७९ च्या त्या खुर्चीशी जोडणारा तिसरा प्रीक्वेल स्कॉटच्या मनात होता, पण तो निघाला नाही.